स्टार ट्रेक: कुठली मालिका, कुठला कॅप्टन, कुठलं पात्र? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या फोंड्यात आम्ही काही जण स्टार ट्रेक, म्हणजे अंतराळातल्या गोष्टींच्या अमेरिकन मालिका, बघतो आणि त्यावर तावातावानं वाद घालतो. नवीन माणूस बसायला आला की तेच ते प्रश्न पुन्हा निघतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत. कथानकांचे शेवट शक्यतो फोडलेले नाहीत.

सगळ्यांत चांगली मालिका कुठली?

'डीप स्पेस नाइन'. १९९३ ते १९९९, सात पर्वं. तिच्या खालोखाल 'द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) आणि मग १९६६ ची मूळ मालिका. आमच्यात नेक्स्ट जनरेशनवाले जास्त आहेत आणि ते हा क्रम मान्य करत नाहीत.

तुलना करताना जहाज किती मोठं, लढाई किती जबरदस्त, हे बाजूला ठेवावं. प्रत्येक मालिका एका प्रश्नाला धरून चालते, तो प्रश्न बघावा. अनोळखी जीव समोर आला तर हात पुढे करायचा की शस्त्र, हा मूळ मालिकेचा प्रश्न. माणूस कोणाला म्हणायचं, हा नेक्स्ट जनरेशनचा. परकी सत्ता गेल्यावर मागे उरलेल्यांनी कसं जगायचं, हा डीप स्पेस नाइनचा. घरापासून तुटल्यावर आपली तत्त्वं किती सांभाळायची, हा 'व्हॉयेजर'चा. तुम्हाला कुठला प्रश्न छळतो त्यावर तुमची आवडती मालिका ठरते. मला तिसरा छळतो. का ते खाली येईलच.

सुरुवात कुठून करावी? सगळं क्रमानं बघायला हवं का?

नको. क्रमानं बघायला घेतलेली बरीच माणसं नेक्स्ट जनरेशनच्या पहिल्या पर्वातच थकतात. ती पहिली दोन पर्वं खरोखरच डळमळीत आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेत लेखकांचा संप झाला, त्यामुळे दुसरं पर्व आखूड झालं आणि त्याचा शेवटचा भाग तर जुन्या प्रसंगांचे तुकडे जोडून काढावा लागला. तिसऱ्या पर्वापासून मायकल पिलर यांनी लेखनाची सूत्रं हातात घेतली आणि गोष्टी पात्रांच्या आतून उगवायला लागल्या. तिथून सुरू करा. दुसऱ्या पर्वातला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा एक भाग मात्र आधी बघून घ्या.

डीप स्पेस नाइन पहिल्या भागापासूनच बघावी. तिचे धागे लांबवर जातात, मधूनच शिरलात तर माणसं ओळखीची होत नाहीत.

कर्क की पिकार्ड?

मूळ मालिकेचा कॅप्टन कर्क म्हणजे बेफिकीर, नियम धाब्यावर बसवणारा, बायकांच्या मागे धावणारा, असं पुष्कळांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते चित्र नकला आणि नंतरच्या सिनेमांतून तयार झालं आहे. मूळ मालिकेतला कर्क गंभीर आहे, वाचणारा आहे, आणि निर्णय घेताना आतून हलतो. १९६६ चा 'बॅलन्स ऑफ टेरर' बघा. रोम्युलन जहाजाचा पाठलाग चालू असताना तो आपल्या खोलीत डॉ. मॅकॉयजवळ मनातली शंका बोलून दाखवतो. समोरचा रोम्युलन सेनानीही तितकाच थकलेला आणि तितकाच सभ्य. ती भूमिका मार्क लेनर्ड यांनी केली आणि पुढे तेच स्पॉकचे वडील सारेक झाले.

कर्कला एकटा तोलता येत नाही. स्पॉक बुद्धीनं बोलतो, मॅकॉय काळजानं, आणि कर्क त्या दोघांच्या मधे उभा राहून ठरवतो. ही तिघांची जुळणी आहे. नेक्स्ट जनरेशनचा कॅप्टन पिकार्ड मात्र एकटा उभा राहतो. तो सगळ्यांना टेबलाभोवती बसवून मतं ऐकतो, पण त्याच्या आतली खोली कोणाला दिसत नाही. म्हणून 'फॅमिली' (१९९०) हा भाग मला इतका मोठा वाटतो. माणसांना पकडून अर्धयंत्र बनवणाऱ्या बोर्गच्या तावडीतून सुटलेला पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, भावाच्या द्राक्षमळ्यात जातो आणि तिथल्या चिखलात कोसळून रडतो. त्या भागात एकही लढाई नाही. दोघांतून एक निवडायचा तर मी पिकार्ड निवडतो, तो या भागासाठी.

बाबा सत्तरीचे आहेत, जन्मभर नाटकं बघितलेली. त्यांना यातलं काही रुचेल का?

नक्की रुचेल. जत्रेला देवळासमोर रात्रभर मराठी नाटक बघत वाढलेल्या माणसाचा कान तयार असतो. नट वाक्य कसं टाकतो, कुठे थांबतो, हे त्याला लगेच कळतं, आणि स्टार ट्रेकमध्ये त्या तोडीचे नट भरपूर आहेत. पिकार्ड झालेले पॅट्रिक स्ट्यूअर्ट अनेक वर्षं रॉयल शेक्सपिअर कंपनीत होते. डीप स्पेस नाइनचा प्रमुख सिस्को झालेले एव्हरी ब्रुक्स रंगभूमीवरचे. त्याच मालिकेत ओडो झालेले रेने ओबेरज्न्वा यांना १९७० साली ब्रॉडवेवरच्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला होता. पुढे सात पर्वं त्यांनी जाड मुखवट्याआडून नुसत्या आवाजावर आणि मानेच्या हालचालीवर तो एकाकी माणूस उभा केला.

बाबांना 'चेन ऑफ कमांड'चा दुसरा भाग दाखवा. एक खोली, एक कैदी, एक छळ करणारा. स्ट्यूअर्ट आणि डेव्हिड वॉर्नर. बाकी काही लागत नाही.

मूळ मालिका आज बघवते का? दगड पुठ्ठ्याचे दिसतात.

पुठ्ठ्याचेच आहेत. आपण रंगवलेल्या पडद्याला अरण्य मानून नाटकात रडतो, तसंच इथेही मानायचं. पैसे कमी होते, म्हणून कल्पना लढवाव्या लागल्या. माणसाला किरणांनी ग्रहावर उतरवणारा ट्रान्सपोर्टरसुद्धा, दर आठवड्याला यान उतरताना दाखवणं परवडत नव्हतं म्हणून सुचला.

खाणपट्ट्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या माणसांना मी नेहमी 'द डेव्हिल इन द डार्क' (१९६७) दाखवतो. एका ग्रहावर खाण चालू आहे आणि कुठलासा प्राणी खाणकामगारांना मारतो आहे. कामगार चिडलेले, त्यांना तो मेलेला हवा. स्पॉक त्या प्राण्याच्या मनाला मन भिडवतो तेव्हा कळतं की ती आई आहे, आणि खोदताना सापडणाऱ्या ज्या गोल दगडांना कामगार बिनकामाचे समजून फोडत होते ती तिची अंडी आहेत. गोष्ट कामगारांना खलनायक ठरवत नाही. त्यांना रोजगार हवा आहे आणि ते घाबरलेले आहेत. शेवटी खाण आणि हॉर्टा, म्हणजे तो प्राणी, दोन्ही टिकतील असा करार होतो. २०१२ मध्ये आपल्याकडच्या खाणी बंद पडल्यावर ज्या घरांनी ट्रकचे हप्तेही बघितले आणि गढूळ झालेलं शेतातलं पाणीही बघितलं, त्या घरांत हा भाग संपल्यावर बराच वेळ बोलणं चालतं.

स्पॉक आणि डेटा ही एकाच साच्यातली पात्रं नाहीत का?

वरवर तशी वाटतात, पण आतून ती उलट दिशांनी चालतात. स्पॉककडे भावना आहेत, भरपूर आहेत, आणि तो त्या दाबून ठेवतो. अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन, दोन्हीकडे उपरा. डेटा यंत्र आहे. त्याच्याकडे भावना नाहीत आणि त्याला त्या हव्या आहेत. स्पॉक हरतो तेव्हा त्याचा चेहरा हलतो; डेटा हरतो तेव्हा समोरच्याचा चेहरा हलतो.

'द मेझर ऑफ अ मॅन'मध्ये डेटावर खटला चालतो. तो व्यक्ती आहे की स्टारफ्लीट या अंतराळ-आरमाराच्या मालकीची वस्तू? त्याच्या विरोधात उभं राहण्याची सक्ती त्याच्या मित्रावर, रायकरवर होते, आणि रायकर ते काम नीट करतो, कारण न केल्यास निकाल डेटाच्या विरुद्ध जाणार असतो. १९८९ चा हा भाग आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आज घरोघर पोचली असताना तो मला पूर्वीपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

डीप स्पेस नाइनवर तुमचा इतका जीव का?

बजोर या ग्रहामुळे. कार्डॅशियनांनी त्यावर सुमारे अर्धशतक राज्य केलं, खाणीत माणसं राबवली, देवळं लुटली, आणि मालिका सुरू होते तेव्हा ते नुकतेच निघून गेले आहेत. बहुतेक कथा स्वातंत्र्य मिळालं की संपतात. ही तिथे सुरू होते.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि १९ डिसेंबर १९६१ ला गेले. साडेचारशे वर्षांत जे झालं ते बजोरच्या पन्नास वर्षांसारखं सरळ नाही. भाषा, घरं, धर्म, कायदा, सगळ्यांत ते मुरलं. तरीही या मालिकेत असे प्रसंग आहेत की आपल्या आजोबांच्या पिढीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला 'द होमकमिंग' आहे. बजोर मुक्त झाला तरी त्याचे काही लढवय्ये कार्डॅशियनांच्या श्रमछावणीत अजून अडकलेले असतात, आणि बजोरच्याच लढ्यातली कीरा त्यांना सोडवायला जाते. आपले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. ज्यांनी ती वाट बघितली त्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

मग फेडरेशन, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांचा संघ, येतं. मोठं, श्रीमंत, सज्जन. मदत करायलाच येतं. पहिल्याच भागात मेजर कीरा सिस्कोला तोंडावर सांगते की तुम्ही इथे यावं असं मला वाटत नाही. एक सत्ता गेली ती दुसरी आणण्यासाठी नाही. त्याच वेळी बजोरमधल्याच दुसऱ्यांना वाटतं की एकटं राहणं परवडणार नाही, सामील व्हावं. चांगल्या हेतूच्या मोठ्या शेजाऱ्यात विरघळायचं की आपलं छोटं घर वेगळं ठेवायचं, हा वाद सात पर्वं चालतो आणि मालिका कुठल्याच बाजूला मूर्ख ठरवत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आपल्याकडे महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं अशा निशाण्या होत्या. माझ्या ओळखीच्या घरांत एकाच ओसरीवर दोन्हींना मत दिलेले भाऊ बसायचे. मराठी घरांचा ओढा पुष्कळदा विलीनीकरणाकडे होता, निकाल दुसरा लागला, आणि दोघांनाही इथेच राहायचं होतं. ही राजकीय गुंतागुंत अंतराळाच्या मालिकेत इतक्या आदरानं मांडलेली मी दुसरीकडे बघितली नाही.

सिस्को की कीरा?

कीरा नरीस. संपूर्ण स्टार ट्रेकमधलं माझं सर्वांत आवडतं पात्र. बालपण लढण्यात गेलेलं, शत्रू संपला आणि आता तिला कार्यालयात बसून कागद हाताळायचे आहेत. नाना व्हिजिटर यांनी तिचा राग कधी बोथट केला नाही आणि तिची श्रद्धाही कधी हास्यास्पद होऊ दिली नाही. पहिल्या पर्वातला 'ड्युएट' बघा: कीरासमोर एक कार्डॅशियन कैदी, छावणीतल्या अत्याचारांचा आरोप असलेला. तो भाग संपताना ती जे एक वाक्य बोलते, त्यासाठी तिनं आयुष्यभराचा द्वेष ओलांडलेला असतो.

सिस्को कॅप्टन म्हणून पिकार्डच्या पुढे नाही, पण बाप म्हणून त्याला तोड नाही. बोर्गच्या हल्ल्यात बायको गेलेली, मुलगा जेक वाढवायचा आहे, आणि तो स्वतः स्वयंपाक करून वाढतो. 'द व्हिजिटर' (१९९५) हा बापलेकाचा भाग बघताना आमच्या बैठकीत कोणी बोलत नाही.

आपल्याकडच्या माणसानं बघायलाच हवा असा एक भाग?

'ॲक्सेशन' (१९९६). फारसा गाजलेला नाही, पण भारतीय प्रेक्षकाला तो हादरवतो. बजोरमध्ये पूर्वी जाराह नावाची जातिव्यवस्था होती: जन्मानं काम ठरलेलं. कार्डॅशियन आल्यावर सगळ्यांनाच हत्यार उचलावं लागलं आणि ती गळून पडली. आता दोनशे वर्षांपूर्वीचा एक कवी काळ ओलांडून येतो, लोक त्याला देवदूत मानतात, आणि तो म्हणतो, जुनी घडी पुन्हा बसवा. भली माणसं मान डोलावतात. श्रद्धाळू कीरासुद्धा, तिची जात कलावंताची, म्हणून ती मातीचा पक्षी घडवत बसते आणि तो काही केल्या जमत नाही. मग प्रेताची कामं करणाऱ्या जातीत जन्मलेल्या एका धर्मगुरूचा, केवळ त्या जन्मामुळे, दुसरा धर्मगुरू जीव घेतो. फेडरेशन स्पष्ट कळवतं की जातिभेद पाळणाऱ्याला आमच्यात जागा नाही.

देवळात मान कोणाचा, पालखी कोणी उचलायची, यावर भांडलेल्या गावांत हा भाग दाखवून बघा.

पण ती मालिका फार काळोखी नाही का? स्टार ट्रेक आशेबद्दल असायला हवं.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 'इन द पेल मूनलाइट' (१९९८) मध्ये सिस्को युद्ध जिंकण्यासाठी खोट्याचा आधार घेतो आणि ते खोटं त्याला पायरी पायरीनं खाली नेतं. पिकार्डनं असं केलं नसतं, हे नेक्स्ट जनरेशनवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण पिकार्डच्या जहाजामागे सुखी पृथ्वी उभी होती. सिस्कोसमोर रोज मृतांची यादी येत होती. आशा स्वस्त नाही, हे दाखवल्यामुळे ती खोटी ठरत नाही.

सगळ्यांत चांगला खलनायक?

गुल डुकाट. खान जोरदार आहे, बोर्ग भीतिदायक आहेत, पण बजोरवर सत्ता गाजवलेल्या या कार्डॅशियन अधिकाऱ्याला मनापासून वाटतं की आपण बजोरवर उपकार केले आणि त्यांनी आपला पुतळा उभारायला हवा होता. मार्क अलायमो ते इतक्या गोडव्यानं बोलतात की क्षणभर पटतं. राज्य करून गेलेल्यांच्या तोंडी अशी भाषा जगभर ऐकू येते.

व्हॉयेजर आणि जेनवेबद्दल काय मत?

कॅथरीन जेनवे म्हणजे केट मलग्रू ही कॅप्टन म्हणून उत्तम, मालिका मात्र तिला पुरी पडत नाही. जहाज ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलंय, घरी पोचायला ७५ वर्षं लागतील, आणि जहाजावर बंडखोरही. इतकी ठिणगी असताना दोन्ही गट भराभर एक होतात आणि मोडलेलं जहाज पुढच्या आठवड्यात नवं कोरं दिसतं. १९९७ मध्ये बोर्गमधून सुटलेली सेव्हन ऑफ नाइन आली आणि मालिकेला कणा मिळाला. होलोग्राम डॉक्टर तर पहिल्या दिवसापासून सोनं आहे.

'टुविक्स' (१९९६) वर आमच्यात अजून फूट आहे. अपघातानं दोन माणसांचा मिळून एक नवा माणूस होतो. तो जगू इच्छितो. त्याला मारून दोघांना परत आणायचं का? जेनवेनं जे ठरवलं ते मला पटत नाही, पण ठरवताना तिनं दुसऱ्याच्या हातानं काम करून घेतलं नाही, याचा मी मान राखतो.

'एंटरप्राइज' सोडली तर चालेल?

पहिली दोन पर्वं सोडा. चौथं बघा; व्हल्कनांवरचे तीन भाग खास आहेत.

नव्या मालिकांपैकी कुठली?

'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' (२०२२ पासून). कर्कच्या आधीचा कॅप्टन पाइक, दर भागात नवी गोष्ट, आणि पूर्ण वेळ चेहऱ्यावर माणुसकी ठेवणारा ॲन्सन माउंट. हा पाइक १९६४-६५ मध्ये काढलेल्या पहिल्या नमुना-भागातला. तो भाग वाहिनीनं नाकारला होता. 'लोअर डेक्स' ही ॲनिमेशन मालिका विनोदी आहे, पण तिची खरी मजा जुन्या मालिका बघून झाल्यावर येते. 'डिस्कव्हरी'मध्ये सोनेकुआ मार्टिन-ग्रीन यांचं काम मला आवडतं, मात्र दर पर्वात सगळं विश्व धोक्यात आणल्यामुळे माणसांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. मुलांसाठी 'प्रॉडिजी'.

यात आपली माणसं कुठे दिसतात?

खान नूनियन सिंग हे पात्र १९६७ पासून आहे. ते उत्तर भारतातलं, बहुधा शीख, असं गोष्टीत म्हटलं आहे, पण भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बान यांनी केली. १९७९ च्या पहिल्या सिनेमात मुंबईच्या पर्सिस खंबाटा होत्या, १९६५ च्या मिस इंडिया. डोकं पूर्ण भादरून त्या इलिया झाल्या. टेनिसपटू विजय अमृतराज १९८६ च्या चौथ्या सिनेमात एका जहाजाचे कॅप्टन म्हणून थोडा वेळ दिसतात. इतक्या मोठ्या विश्वात एवढंच, हे मला खटकतं.

मालिकेबाहेरच्या जगावर सर्वांत मोठा ठसा कोणाचा?

मूळ मालिकेतल्या उहुराचा. पहिल्या पर्वानंतर ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या. मार्टिन लूथर किंग भेटले आणि त्यांनी थांबायला सांगितलं, हे निकोल्स यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. काळी बाई जहाजावर अधिकारी आहे, नोकर नाही, हे दर आठवड्याला दिसणं किती मोलाचं आहे हे किंगना कळलं होतं. ती बघून वाढलेल्या मे जेमिसन १९९२ मध्ये खऱ्या अंतराळात गेल्या आणि पुढच्या वर्षी नेक्स्ट जनरेशनच्या एका भागात छोट्या भूमिकेतही आल्या.

माझ्याकडे एकच संध्याकाळ आहे. काय बघू?

एकटे असाल तर 'द इनर लाइट' (१९९२): पिकार्ड काही मिनिटं बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात दुसऱ्या ग्रहावरचं एक अख्खं आयुष्य जगतो. घरचे सोबत असतील तर 'द व्हिजिटर'. वाद घालणारे मित्र असतील तर 'टुविक्स' लावा, आणि जेवण आधीच उरकून घ्या, नंतर वेळ मिळणार नाही.